उसना खांब

केल्विन पॅस्कोचा डावा घोटा मी सव्वीस वर्षं बांधतेय. दर शनिवारी, एप्रिल ते ऑगस्ट. नवऱ्याच्या चेहऱ्यापेक्षा तो घोटा मी जास्त जवळून पाहिलाय. हे मी नवऱ्यासमोर सांगते आणि तो म्हणतो, "नोएलीन, घोटा उलटून बोलत नाही म्हणून तुला आवडतो."

खरंच आहे ते. केल्विन बोलत नाही. ओरडत तर मुळीच नाही. ऑस्ट्रेलियातल्या आमच्या नुलाबिल गावच्या फुटबॉल क्लबात जर्सी घालणारा प्रत्येक गडी माझ्या टेबलावर कधी ना कधी बोंबललाय. चिकटपट्टी ओढून काढली की पायाचे केस मुळासकट येतात, चांगले सहा फुटी गहूवाले शेतकरी आईच्या नावानं हाका मारतात. केल्विन मात्र छताकडे बघत विचारतो, "पाऊस येईल का गं?" बस्स. एकदा जबडा मोडला तेव्हा पाच आठवडे भोपळ्याचं सूप नळीनं प्यायला, पण शनिवार चुकवला नाही. एकदा करंगळी उलटी वळली, ती त्यानंच सरळ केली आणि मला म्हणाला, "हिला शेजारणीशी बांधून टाक." लग्नसुद्धा आमच्या संघाला सुट्टी होती त्या शनिवारी केलं. जेनेल, म्हणजे त्याची बायको, अजून टोमणा मारते, "दोन सामन्यांच्या मधे मला बसवलं." म्हणून त्याचं नाव पडलं खांब. लाडानं खांब्या. रोवला तिथे उभा.

आता माझी पंचाईत ऐका. क्लबच्या बारवर एक लाकडी फळी आहे, तिच्यावर सगळ्यात वर सोनेरी अक्षरात लिहिलंय : हॉरी ट्रेविन, ४३७ सामने. हे हॉरी ट्रेविन माझे वडील. वय अठ्ठ्याहत्तर. दर शनिवारी मैदानाच्या कडेला, गोलाच्या खांबांजवळ, त्यांची जुनी हिरवी गाडी नाक मैदानाकडे करून लागते. आत बाबा, मांडीवर घोंगडी, हातात सॉसेज रोल. आमच्याकडे आपल्या संघाचा गोल झाला की कडेच्या सगळ्या गाड्या हॉर्न वाजवतात. बाबाही वाजवतात. पण केल्विननं चारशेचा आकडा ओलांडला तेव्हापासून त्याच्या गोलाला बाबांचा हॉर्न वाजत नाही. विचारलं तर म्हणतात, "बॅटरी उतरलीय." पुढच्या मिनिटाला दुसऱ्यानं गोल केला की बॅटरी चढते.

मागच्या शनिवारी, धो धो पावसात, तीन गाड्या आणि एक कुत्रं बघत असताना, केल्विनचे चारशे सदतीस पुरे झाले. बरोबरी. राहिला होता हंगामातला शेवटचा सामना, पॅचेलविरुद्ध. केल्विन पंचेचाळिशीचा. तीन वर्षांपासून तो राखीव संघात खेळतो, दुपारी बाराला, मुख्य सामन्याच्या आधी. पण नियमाप्रमाणे राखीवचा सामनाही क्लबचाच सामना. आणि मंगळवारी त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन. डॉक्टरनं साफ सांगितलं होतं, त्यानंतर कुंपणावरून उडीसुद्धा मारायची नाही. तेव्हा हा एकच सामना. आज नाही तर कधीच नाही.

त्या शेवटच्या शनिवारी सकाळी मी घोटा बांधला, गुडघा बांधला, खांद्याला तेल चोळलं. केल्विन छताकडे बघत म्हणाला, "नोएलीन, तुझ्या वडिलांना वाईट वाटेल का गं?"

"वाटू दे. तू पळ."

"मला ती फळी लहानपणापासून पाठ आहे," तो म्हणाला. सव्वीस वर्षांत तो माझ्याशी एवढं मनातलं कधी बोलला नव्हता. माझ्या हातातली कात्री खाली पडली.

बाहेर बायकांनी क्रेप कागदाचा भला मोठा पडदा दोन बांबूंवर उभा केला होता. त्यावर आकडा, ४३८. मोठ्या दिवशी मोठ्या खेळाडूनं तो पडदा फाडून मैदानात यायचं असतं. वारा असा सुटलेला की सहा जणी बांबूला लोंबकळत होत्या.

तेवढ्यात पॅचेलची बस आली आणि तिच्यातून तेराच माणसं उतरली. त्यांच्या गावात फ्लूची साथ. अठराच्या खेळात चौदा तरी लागतात, नाहीतर सामना रद्द. आणि रद्द झालेला सामना कुणाच्याच नावावर लागत नाही.

अशा वेळी आमच्याकडे उसना गडी देतात. राखीव संघांत हे नेहमीचंच. पण रीत अशी की कुणाला द्यायचं ते आपण ठरवायचं नाही. आपले गडी रांगेत उभे करायचे आणि पाहुण्यांच्या कप्तानानं बोट दाखवायचं. दाखवलेलं बोट मागे घेता येत नाही. नाहीतर प्रत्येक गाव आपला लंगडाच पुढे करील.

पॅचेलचा कप्तान ग्रँट नावाचा, शहरातून नुकताच आलेला मास्तर. त्याला इथलं काय ठाऊक! आणि नेमका वाऱ्यानं पडदा गुंडाळून ठेवलेला, नाहीतर वाचला असता. रांगेवरून त्यानं नजर फिरवली. शेवटी केल्विन उभा, टकलावर ऊन, दोन्ही पाय माझ्या पट्ट्यांनी पांढरेफेक. मास्तरचा चेहरा कनवाळू झाला.

"आम्हाला ते आजोबा चालतील," तो म्हणाला. "तुमचं फार नुकसान नको."

मग आमच्या पोरांतला एक फिस्सकन हसला आणि दुसऱ्यानं त्याच्या पोटात कोपर मारलं.

"अरे मास्तरड्या!" मी ओरडले. "दुसरा कुणीही घे! तो गोलमटोल घे, तो लाल केसांचा घे!"

"बाई, मी चांगल्या मनानंच..."

"खड्ड्यात गेलं तुझं चांगलं मन!"

क्लबचा सेक्रेटरी लिंडसे मला धरून बाजूला घेऊन गेला. लिंडसे म्हणजे नियमांचा पुतळा, चहात साखर घालायलाही ठराव मांडील. तो म्हणाला, "बोट दाखवून झालंय. पण हा सामना खांब्याच्या नावावर धरायचा की नाही, हे नियमात कुठेच नाही. हॉरीला विचारू. त्याचाच विक्रम आहे."

आम्ही हिरव्या गाडीशी गेलो. बाबांनी काच चार बोटं खाली केली.

"उसना म्हणजे उसना," बाबा म्हणाले. "दुसऱ्याच्या जर्सीत खेळलेला सामना आपला कसा होईल?"

"बाबा! अहो, त्याचा शेवटचा सामना आहे!"

"नियम आहे, पोरी." आणि काच वर.

माझ्या वडिलांवर मी तशी रोजच चिडते, पण त्या दिवशी मला त्यांची लाज वाटली. खरंच लाज वाटली. गाडीच्या चाकाला मी लाथ मारली आणि अंगठा दुखावून घेतला.

केल्विननं फक्त मान हलवली आणि पॅचेलची जर्सी मागितली. उरली होती ती त्यांच्या सगळ्यात बारीक गड्याची. ती बेंबीपर्यंतच पोचली. बायका पडद्यापाशी अडून बसल्या, "दोन दिवस चिकटवतोय, फाडायचा म्हणजे फाडायचाच!" तेव्हा आमच्या विक्रमाचा पडदा आमच्याच खांब्यानं शत्रूच्या जर्सीत, उघड्या पोटानं फाडला. कडेच्या गाड्यांना हॉर्न वाजवावा की नाही कळेना. दोघातिघांनी अर्धा वाजवला.

मला वाटलं, आता हा कोपऱ्यात उभा राहून वेळ काढेल. कुणीही तेच केलं असतं. छे! तो मेला जीव तोडून खेळायला लागला. आमच्या पोरांचे चेंडू अडवले, आमच्याच लाल केसांच्या पोराला चिखलात लोळवलं, वर हात देऊन उठवलं. मास्तर तर बघतच राहिला. मध्यंतराला संत्र्याची फोड चोखत माझ्यापाशी आला, "बाई, आजोबांचं वय काय हो?"

"तुझ्या अकलेच्या चौपट," मी म्हणाले.

शेवटच्या पाच मिनिटांत आम्ही चार गुणांनी पुढे होतो. तेव्हा केल्विननं सगळ्यांच्या डोक्यावरून उडी घेऊन चेंडू झेलला. त्या गुडघ्यानं! तो खाली आला आणि भोंगा वाजला, सामना संपला. पण भोंग्याआधी झेललेला चेंडू मारायचा हक्क असतो. मधल्या दोन खांबांतून गेला तर सहा गुण, पॅचेल जिंकणार. बाजूनं गेला तर एकच गुण, आम्ही जिंकणार.

कडेच्या गाड्यांची दारं धडाधड उघडली. "खांब्या, चुकव!" "अरे तू आपला ना रे!" "घरी यायचंय की नाही?" ही शेवटची जेनेल.

आणि हिरव्या गाडीचं दार उघडलं. सामना चालू असताना बाबा दहा वर्षांत गाडीबाहेर आले नव्हते. काठीवर दोन्ही हात टेकून उभे राहिले. चेहरा पांढरा पडलेला.

"चुकवू नकोस रे," ते म्हणाले. ओरडले नाहीत, जवळ होते म्हणून मला ऐकू आलं. "चुकवू नकोस."

केल्विननं चिखलाळ बूट जर्सीला पुसला, जेवढी जर्सी होती तेवढ्याला, आणि मारला. चेंडू मधोमध गेला. गोलाच्या अंपायरनं सहा गुणांचे दोन झेंडे हलवले. पॅचेलचे तेरा जण नाचायला लागले आणि आमच्या तीसचाळीस गाड्यांत चिडीचूप. आपण हरलो की कोण हॉर्न वाजवतो?

एका गाडीनं वाजवला. बाबा दारातून आत वाकले होते आणि त्यांनी तळहात हॉर्नवर दाबून धरला होता. सोडेनातच.

मी केल्विनला माझ्या टेबलावर घेतलं. गुडघा भोपळ्याएवढा सुजला होता. लिंडसे कागद घेऊन कोपऱ्यात उभा, कसनुसा. "चारशे सदतीसच राहणार रे, खांब्या. बरोबरी तर आहे."

"असू दे," केल्विन छताकडे बघत म्हणाला. पण या वेळी पावसाचं विचारलं नाही. मी कात्री घेतली आणि मला पट्टी नीट दिसेना, डोळे भरून आले होते.

दारात काठी वाजली. बाबा.

"लिंडसे, लिहून घे," ते म्हणाले. "छत्तीस वर्षांपूर्वी याच मैदानावर पॅचेलला एक गडी कमी होता. त्यांनी बोट दाखवलं माझ्यावर. शेवटी असाच चेंडू माझ्या हातात आला. असाच, समोर. मी मुद्दाम बाजूला मारला आणि आपला क्लब एका गुणानं जिंकला. मला खांद्यावर घेऊन नाचले सगळे. नोएलीन, तू होतीस तिथे, चहाबरोबरचे स्कोन-केक विकत होतीस."

होते मी. त्या संध्याकाळी बाबा जेवले नव्हते, तेही आठवलं. आम्हाला वाटलं, आनंदानं.

"सेक्रेटरी तेव्हा मीच होतो," बाबा म्हणाले. "तो सामना मी माझ्या नावावर धरला. चारशे सदतीसमध्ये तो आहे."

लिंडसेनं बोटांवर मोजायला सुरुवात केली. "म्हणजे उसना धरला, तर खांब्याचे आज चारशे अडतीस. आणि नाही धरला..." त्याचा जबडा खाली आला. "नाही धरला, तर हॉरी, तुझे चारशे छत्तीसच. म्हणजे खांब्यानं गेल्याच शनिवारी..."

"कसंही धर," बाबा म्हणाले. "फळीवर त्याचंच नाव."

केल्विन कोपरांवर उठून बसला. "गेल्या शनिवारी? अहो, गेल्या शनिवारी घरी जाऊन मी पन्हळीतला पाला काढला!"

कुणाला हसावं की रडावं कळेना. मी दोन्ही केलं. बाबा टेबलाशी आले आणि माझ्यापुढे हात पसरला. "कात्री दे, पोरी. शेवटची पट्टी मी काढतो."

"बाबा, तुमचे हात थरथरतात."

"दे म्हटलं ना."

त्यांनी वाकून केल्विनच्या घोट्याची पट्टी अर्धवट कापली, नख घालून टोक सोडवलं, आणि मग माझ्यासारखं एका झटक्यात ओढायच्या ऐवजी, मायेनं, हळूहळू, एकेक केस उपटत ती सोलायला लागले.

"आई गं!" केल्विन बोंबलला. "मेलो! हॉरी, अहो सोडा!"

सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. बाबा थांबले नाहीत. पट्टी निघेपर्यंत केल्विन ओरडत राहिला, आणि रडलाही.