नव्वद सेंटीमीटर

कुणाच्या घराला टीव्हीची किती मोठी डिश लागेल हे सांगणं वहिनींच्या हातचा मळ होता. अठरा वर्षं त्या लोकांच्या गच्च्यांवर चढत होत्या. गिऱ्हाईक कितीही शहाणं असो, वहिनींनी एकदा "पंचाहत्तर" म्हटलं की पंचाहत्तरचीच बसायची. त्यांचा हा शब्द फक्त एका घरात चालत नसे, आणि ते घर त्यांचं स्वतःचं होतं. तिथे त्या मेकॅनिक नव्हत्या. सासूबाईंची सून होत्या, भावजींच्या वहिनी होत्या, आणि घरात वाद नको म्हणून गप्प बसायची त्यांना सवय लागली होती.

या वेळी मात्र प्रश्न लेकीचा होता. लेक दूर देशात वजन उचलण्याच्या मोठ्या स्पर्धेत उतरणार होती, आजच, दुपारी चार वाजता. वडील तिच्याबरोबर गेले होते. इथे स्पर्धा दिसणार ती एकाच परदेशी वाहिनीवर, आणि तिचा सिग्नल इतका अशक्त की घरच्या साठ सेंटीमीटरच्या डिशवर चित्राचे चौकोनी तुकडे पडायचे. वहिनींनी आठवडाभर मीटर लावून मोजलं होतं. पंचाहत्तरला चित्र यायचं, पण ढग आला की पळायचं. नव्वदला ते हलायचं नाव घेत नव्हतं.

"नव्वद?" भावजी हसले होते. "अहो वहिनी, आपली पोरगी जगासमोर उभी राहणार आणि आपण तिला परातीएवढ्या डिशवर बघायचं?"

आणि त्यांनी एकशे ऐंशीची आणली. माणूस वाईट नव्हता, पुतणीवर जीव टाकायचा. पण मोठं ते चांगलं, याच्या पुढे त्यांची अक्कल जात नसे. चौघांनी मिळून ते धूड वर चढवलं आणि कठड्याजवळच्या पाइपवर बसवलं. सासूबाई अंगणातून मान वर करून म्हणाल्या, "हं, आता कशी शोभते!" हा पाइप डिशचं वजन पेलेल, वारा पेलणार नाही, हे वहिनींना समोर दिसत होतं. तरी त्या गप्प राहिल्या. पुढे या गप्प राहण्याबद्दल त्यांना स्वतःचाच इतका राग आला की काही विचारू नका.

सकाळी वारा पडलेला, चित्र लख्ख. भावजी मिशीला पीळ देत घरभर फिरत होते. तीनच्या सुमारास वारा सुटला आणि पडदा काळा झाला. मग एक झलक, मग पुन्हा काळा. खोलीत शेजारीपाजारी धरून वीस माणसं जमली होती. जो तो रिमोट मागायला लागला.

वहिनी मीटर घेऊन वर गेल्या. डिश पाइपवर डुलत होती. डिश जितकी मोठी, तितकी तिची नजर बारीक. बोटभर हलली तरी उपग्रह निसटतो.

"दोरीने आवळू," मागून आलेले भावजी म्हणाले. "नाहीतर चार जण धरून उभे राहू."

वहिनींनी पाना काढला. "भावजी, ही उतरवायची."

"आता? वेड लागलंय का? अहो, थोडं तरी दिसतंय!"

"थोडं मला नकोय. माझी मुलगी तिथे काय थोडंसं वजन उचलायला गेलीये? अठरा वर्षं परके लोक माझं ऐकतात. आज तुम्ही ऐका. मी नट सोडते, खालून धरा."

हा आवाज भावजींनी घरात कधी ऐकला नव्हता. त्यांनी मुकाट्याने धरली. डिश आडवी झाली तरी वारा तिला उचलायला बघत होता, तेव्हा भावजी सरळ तिच्यावर जाऊन बसले आणि बसल्या बसल्याच तिला दोरीने बांधायला लागले.

जिन्यातून सासूबाई ओरडल्या, "अगं, होतं नव्हतं तेही गेलं! काय चाललंय तुमचं?"

"आई, अर्धा तास गप्प बसा!"

सासूबाई खरोखरच गप्प बसल्या.

तळमजल्यावरच्या आपल्या दुकानातून वहिनींनी नव्वदची डिश आणली. पाइपच्या नादी त्या लागल्याच नाहीत. जिन्याच्या खोलीच्या भिंतीला वारा लागत नव्हता आणि समोरचं आकाश मोकळं होतं. तिथे ड्रिलने चार भोकं पाडून ब्रॅकेट ठोकला, बोल्ट दात-ओठ खाऊन आवळले, डिश चढवली. जरा डावीकडे. जरा वर. सिग्नल सापडला की वाजणारा मीटर आधी अडखळला, मग त्याने एकसारखा सूर धरला. वहिनींनी डिशला मुद्दाम चापट मारली. सूर जागचा हलला नाही.

खालून आरोळी उठली, "आलं! आलं!"

चारला पाच कमी होते. वहिनी हत्यारं तिथेच टाकून जिना धावत उतरल्या. भावजी मागोमाग येऊन दारातच सगळ्यांना सांगायला लागले, "नव्वदच पाहिजे होती, मोठीचं काही खरं नसतं," जणू हा शोध त्यांचाच.

लेकीच्या पहिल्या प्रयत्नात दांडा पुढे पडला. दुसऱ्यात कोपर वाकलं, तोही बाद. बाहेर वारा खिडक्या आपटत होता. पडद्यावर एक रेघसुद्धा हलत नव्हती. तिसऱ्या, शेवटच्या वेळी लेकीने दांडा धरला, खाली बसली, आणि उठताना मध्येच अडकली. वहिनींचे दात आपोआप आवळले गेले. लेक इंच इंच करत उठली आणि वजन डोक्यावर गेलं.

वीसच्या वीस माणसं उडी मारून उभी राहिली. वहिनींच्या समोर नुसत्या पाठीच पाठी.

"खाली बसा!" त्या कडाडल्या. "सगळे बसा! माझी पोरगी आहे ती, आधी मी बघणार!"

सगळे झटकन खाली बसले, सासूबाईसुद्धा. पडद्यावर पंचांचे तीन पांढरे दिवे लागले होते, वजन मान्य झालं होतं. लेक घामाने निथळत, कमरेवर हात ठेवून हसत होती, आणि तिच्या आईने उभ्या उभ्या तिला डोळे भरून पाहिलं.