चारशे सतरा नंबरची गाडी

माझा राग नाकावर असतो, हे आधीच सांगून टाकते. आई म्हणते, "ऊर्जाच्या तोंडाला फाटक नाही." तर त्या मंगळवारी जर्मनीत, आखनच्या बसस्टॉपवर मी माझ्या बापावर चारचौघांत ओरडले. तेही एका वहीवरून.

बाबा म्हणजे संगमनेरचे दीनानाथ सर, शाळेतून रिटायर झालेले चित्रकलेचे शिक्षक. माझं मास्टर्स संपलं म्हणून महिनाभर आले होते. आईच्या गुडघ्यांनी विमानाला नकार दिला. बाबांच्या शर्टाच्या खिशात तळहाताएवढी वही असते आणि वहीच्या तारेत खोचलेली बुटकी पेन्सिल. कुठल्याही गाडीत चढण्याआधी ते तिचा नंबर लिहून घेतात.

का, ते आमच्या अख्ख्या घराला पाठ आहे. मी सहा महिन्यांची होते. पुण्याला जाताना एसटी नारायणगावला थांबली आणि बाबा माझ्यासाठी दूध आणायला उतरले. परत येऊन बघतात तर एकसारख्या चार लाल गाड्या. बाबा बसले भलतीच्याच गाडीत, आणि आईला नि मला घेऊन आमची गाडी गेली निघून. कंट्रोलरने विचारलं, "गाडी नंबर काय?" बाबांना सांगता येईना. तेव्हा कुठले मोबाईल आमच्याकडे! आम्ही त्यांना सापडलो थेट संध्याकाळी, शिवाजीनगरच्या स्टँडवर. आई हा किस्सा हसत हसत सांगते. बाबा हसत नाहीत. त्या दिवसापासून वही.

त्या मंगळवारी मला व्हिसाच्या ऑफिसात टर्मिन होता, म्हणजे भेटीची ठरलेली वेळ, दहा चाळीसची. एक तारखेपासून इथल्याच एका कंपनीत नोकरी सुरू होणार होती आणि त्यासाठी स्टुडंटचा परवाना बदलून घ्यायचा होता. हा टर्मिन हुकला असता तर पुढचा दीड महिन्यानंतर. कंपनीने जॉइनिंगची तारीख माझ्यासाठी एकदा पुढे ढकलली होती. आता ढकलणार नाही, असं स्वच्छ कळवलं होतं. पासपोर्ट, कॉन्ट्रॅक्ट, फोटो, सगळं एका निळ्या फाइलमध्ये. आदल्या दिवसापासून ती मी दहा वेळा उघडून तपासली होती.

बस आली, दार उघडलं आणि बाबा निघाले मागच्या बाजूला, नंबर बघायला.

"अहो बाबा, चढा ना!"

"एक मिनिट गं."

ड्रायव्हर दार धरून थांबलेला, आतले सगळे आमच्याकडे बघतायत. जर्मन माणूस बघायला लागला की बघतच राहतो.

"हे काय संगमनेरचं स्टँड आहे का? लाज आणता मला!"

बसमध्येही माझी टकळी सुरूच. इथे गाड्या हरवत नाहीत, इथे सगळं मोबाईलवर असतं, सोडा आता ती वही. मध्येच बाबांनी वही काढून काहीतरी लिहिलं, तेव्हा तर माझं डोकंच सणकलं. बसहोफ, म्हणजे मुख्य बसस्टँड, आल्यावर मी तणतणत उतरले आणि पुढे चालायला लागले.

पाच मिनिटं चाललो असू. बाबा मागून म्हणाले, "फाइल घेतलीस ना?"

"हो," मी म्हणाले आणि हाताकडे बघितलं. हात रिकामा. फाइल सीटवर राहिली होती.

तोंडचं पाणी पळालं माझ्या. धावत परत आलो तर बस केव्हाच गेलेली. चौकशीच्या खिडकीत चष्म्याला साखळी लावलेल्या एक बाई होत्या. कुठली लाईन, किती वाजता, ड्रायव्हर कसा होता? मला फक्त "नऊ-सव्वानऊ" एवढंच सांगता आलं. लाईनचा नंबरसुद्धा धड आठवेना. आमच्या स्टॉपवरून तीन लाईनी जातात आणि माझं सगळं लक्ष भांडणात होतं. बाई समजुतीने म्हणाल्या, "सापडलेल्या वस्तू इथे जमा होतात. तीन-चार दिवसांनी विचारा." मला तिथेच रडू फुटलं.

बाबांना जर्मनचा एक शब्द येत नाही. त्यांनी मला हलकेच बाजूला केलं आणि वही उघडून काचेखालून आत सरकवली. तारीख, वेळ, लाईन आणि गाडीच्या पाठीवरचा नंबर: ४१७. आकड्यांना कुठली आलीय भाषा! शेजारी पेन्सिलीने ड्रायव्हरचं इवलंसं चित्र, दाढी आणि टोपीसकट.

बाई ते चित्र बघून हसल्या. "गेनाऊ!" म्हणाल्या, म्हणजे अगदी बरोब्बर, आणि फोन उचलला. मी काचेला नाक लावून उभी. दोन मिनिटांनी त्यांनी मान वर केली. फाइल ड्रायव्हरकडे आहे, म्हणाल्या, गाडी दहा वीसला इथेच येईल.

वाट बघता बघता मी वहीचं ते पान वाचलं. नंबराखाली आणखी एक ओळ होती: "ऊर्जा चिडली आहे. सकाळपासून काही खाल्लेलं नाही. बोलू नये."

गाडी आली, दाढीवाल्याने फाइल हातात ठेवली, आणि आम्ही असे पळालो की बाबांची चप्पल निघता निघता वाचली. दहा सदतीसला पोहोचलो. काम झालं.

मग बेकरीत बसलो. बापाला थँक्यू म्हणायची आपल्यात पद्धत नाही. मी म्हटलं. माफीही मागितली.

"खुळी आहेस," बाबा म्हणाले. "फाइलचं काय, आज ना उद्या मिळाली असती. त्या नारायणगावच्या गाडीत तू होतीस."

पंचवीस वर्षं तो किस्सा मी विनोद म्हणून ऐकत आले होते. समोरच्या ब्रोटशेनचा, म्हणजे इथल्या छोट्या पावाचा, अर्धा तुकडा मी बाबांच्या ताटलीत ठेवला.

बाबांनी त्यांच्या सामानातली एक कोरी वही मला दिली. सवय लागायला वेळ लागला. बायकांच्या मेल्या पॅन्टला खिसा म्हणजे नुसती शोभा! शेवटी खिशाचं पुरुषी जाकीट घेतलं. पहिले चार दिवस वही घरीच राहिली. पाचव्या दिवशी दूध, मीठ एवढंच लिहिलं. मग हळूहळू खोलीच्या मीटरचं रीडिंग, नव्या ऑफिसातल्या लोकांची नावं. त्या खिडकीतल्या बाईंचं नावही आहे: फ्राउ लेनर्ट्झ. त्यांना मी चॉकलेट नेऊन दिलं.

बाबांचा महिना भरला, तेव्हा त्यांना एअरपोर्टच्या बसमध्ये बसवून दिलं. ते खिडकीशी बसले, हात हलवला. मी जाकिटातून वही काढली, गाडीच्या मागे गेले आणि नंबर लिहून घेतला. लोक बघत होते. बघू देत.

परत खिडकीपाशी आले तर बाबांनी हातानेच विचारलं, आता कशाला?

कशाला म्हणजे काय! त्या गाडीत माझे बाबा होते.