तीन नंबरच्या विहिरीचे खारट दिवस

मी एक जुनी विहीर आहे, मित्रांनो; पण मला बघायला आलात तर विहीर समजून आत वाकू नका, कपाळ आपटेल. मला ना रहाट, ना पायऱ्या, ना कठडा. मी मनगटाएवढी जाड आणि ऐंशी फूट खोल अशी नळी आहे. जमिनीवर माझे फक्त कमरेएवढे पिवळे लोखंडी टोपण दिसते. त्याला कुलूप असते आणि त्यावर पांढऱ्या रंगाने तीनचा आकडा काढलेला आहे. माझे पाणी कोणी पीत नाही. प्लम फोर्क काउंटीच्या, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या, कचरा डेपोच्या उताराला उभे राहायचे आणि ढिगातले काही जमिनीखालच्या पाण्यात उतरले तर सांगून टाकायचे, एवढेच माझे काम. थोडक्यात, मी पगार न घेणारी चहाडखोर आहे.

माझा जन्म मे महिन्यातला. त्या दिवशी वारा असा होता की बोअरवाल्याचे सँडविच उडाले आणि पुढच्या आठवड्यात शेजारच्या काउंटीच्या टपालाने परत आले. विश्वास ठेवू नका, पण पाकीट मी पाहिले आहे. त्याने खाली फटी पाडलेली नळी सोडली, भोवती धुतलेली वाळू भरली आणि वरचे पाणी आत शिरू नये म्हणून माझ्या गळ्याशी फुगणाऱ्या मातीचा जाड पट्टा दिला. हा पट्टा लक्षात ठेवा. पुढे त्यानेच दगा दिला.

माझ्या आधी या गावात कचऱ्याची रीत सोपी होती. बिघडलेला फ्रिज असो की मेलेली म्हैस... चुकले, आमच्याकडे म्हशी नाहीत, मेलेला बैल असो, लोक तो ओढ्याकाठच्या घळीत लोटून द्यायचे आणि रविवारी त्याच ओढ्यात गळ टाकून बसायचे. मग केंद्राने कचरा डेपोचे नियम केले. नियम चांगलेच होते, पण साऱ्या देशाला एकाच मापाचा सदरा. मोठ्या शहराला तो नीट बसे, सहा गावांच्या आमच्या डेपोचे मात्र त्यात हातपायच हरवत. राज्याला आपली माती, आपला पाऊस बघून स्वतःचे परवान्याचे नियम करता येणार होते, पण केंद्राने ते तपासून मंजूर केले तरच. मंजुरी मिळाली नाही, तर वसंतात आमच्या डेपोला कुलूप. कचरा एकशे दहा मैलांवर न्यायचा. तो तिथे किती जण नेतील आणि घळीत किती जण लोटतील, हे सगळ्यांना माहीत होते. म्हणून राज्याने नियम लिहिले, आणि त्या नियमांच्या एका ओळीमुळे मी जन्माला आले.

माझी दोन माणसे होती. वेन्सेल कुबिचेक डेपोचा रखवालदार. रोज संध्याकाळी तो दिवसभराच्या कचऱ्यावर सहा इंच माती पसरायचा, आणि इतकी सारखी, की त्याची बायको म्हणायची, "घरी चादर तरी कधी अशी घातलीस का रे?" दुसरी ब्लांका स्वोबोदा. वय एकसष्ट, काउंटीची पाणी तपासणारी. ती आणि वेन्सेल एका बाकावर शिकलेले, त्यामुळे बोलणे म्हणजे भांडणच.

ब्लांकाचे काम बघत राहावे असे होते. नळीत साचलेले पाणी शिळे असते, ते खरे बोलत नाही. म्हणून माझ्या पोटात मावेल त्याच्या तिप्पट पाणी ती लांबट पोहऱ्याने उपसून टाकायची आणि मग ताजे पाणी बाटलीत घ्यायची. तिप्पट म्हणजे तिप्पट. शून्याखाली वीस अंश असो, बोटे निळी होवोत, मोजणी चुकायची नाही. वेन्सेल ओरडायचा, "अगं, दोनदा उपसलंस तर कोण बघतंय?"

"मी बघतेय ना! मी काय हवा आहे?"

त्या डिसेंबरात ती माझ्यापाशी घसरून पडली. कमरेवर हाताएवढा काळा डाग उठला, तरी पडल्या पडल्या तिने आधी बाटली पाहिली. वेन्सेल धावत आला.

"लागलं का गं?"

"बाटली शाबूत आहे."

"बाटलीचं नाही विचारलं!"

"मग विचारू नकोस. म्हातारी समजतोस काय मला?"

त्यानंतर वेन्सेलने तिला विचारणे सोडले. पण दर तपासणीच्या आधी, पहाटे, तो रस्त्यावरचे बर्फ वितळवायचे मीठ आणून माझ्याभोवती पसरू लागला. पोते माती पसरायच्या लोडरच्या सीटमागे दडवलेले, कारण ब्लांकाला कळले असते तर तिने त्याच पोत्याने त्याला बडवले असते. बिचाऱ्याने प्रेमाने केले हो. पण गोठून गोठून माझ्या गळ्याच्या मातीला चीर गेली होती. बर्फ वितळले, मीठ विरघळले आणि गपकन माझ्या पोटात आले. मी काय करणार? मी विहीर आहे, मला थुंकता येत नाही.

फेब्रुवारीत प्रयोगशाळेचा कागद आला: क्लोराइड, म्हणजे पाण्यातला खारटपणा, चौपट; ढीग गळू लागला की आधी हेच वाढते. आणि दुसऱ्याच दिवशी केंद्राच्या पर्यावरण खात्याच्या ऑगस्टा पिटमन बाई येणार होत्या. राज्याचे नियम तपासायला त्या तीन डेपो स्वतः पाहत होत्या आणि तिसरा आमचा होता. ब्लांका आणि वेन्सेल माझ्यापाशी उभे राहून कागदाकडे बघत राहिले.

"ढीग गळतोय," वेन्सेल म्हणाला. "माझी माती, माझा उतार... कुठे चुकलं गं माझं?"

"ते शोधू. आधी राज्याला फोन करू."

"आज? अगं, नियमात कळवायला चौदा दिवस दिलेत. बाई येऊन जाऊ दे. हा कागद दोन दिवस कॉफीच्या डब्याखाली राहिला तर कोणाचं काय बिघडतंय?"

ब्लांकाने उताराखाली बोट दाखवले. तिथे शेतकरी आर्लो तुमा याची पाणी उपसणारी पवनचक्की फिरत होती आणि तिच्या हौदावर त्याच्या गाई पाणी पीत होत्या. "त्यांचं. चौदा दिवस लिहायला दिलेत, वेन्सेल, लपवायला नाहीत."

"डेपो बंद पडेल."

"पडू दे."

"तुझी नोकरी जाईल."

"जाऊ दे. तसंही तुझं तोंड रोज बघावं लागणार नाही," असे म्हणत तिने कागदाची घडी केली आणि ती फोन करायला निघाली.

दुसऱ्या दिवशी पिटमन बाई आल्या. लांब कोट, शहरी बूट, हातात जाडजूड फाइल. वेन्सेलच्या बायकोने पाठवलेले खसखस भरलेले, कोलाचे नावाचे गोड पाव त्यांनी घेतले आणि म्हणाल्या, "कागदावर नियम सगळेच छान लिहितात. मला ते चिखलात कसे उभे राहतात ते बघायचंय."

ब्लांकाने नमस्कार-चमत्कार न करता प्रयोगशाळेचा कागद पुढे केला. "तीन नंबरमध्ये क्लोराइड वाढलंय. राज्याच्या संचालकांना कालच कळवलंय. कारण माहीत नाही."

बाईंनी कागद वाचला आणि तो परत वाचला. चेहरा कोरा. "विहीर दाखवा," एवढेच म्हणाल्या.

तिघे माझ्याकडे निघाले. वाट काचेसारखी निसरडी. बाईंचा शहरी बूट सरकला, आणि वेन्सेलमधला सभ्य गृहस्थ जागा झाला. "थांबा बाई, थांबा, पडाल!" म्हणत तो लोडरकडे धावला, सीटमागून पोते ओढले आणि मुठी भरभरून माझ्या टोपणापर्यंत अशी पखरण केली, जशा लग्नात अक्षता उधळाव्यात.

बाई थांबल्या. "हे काय आहे?"

"मीठ," वेन्सेल अभिमानाने म्हणाला. आणि मग त्याचे तोंड उघडेच राहिले.

वाराही दोन क्षण थांबला, आणि आमच्याकडे वारा थांबला की वर्तमानपत्रात बातमी येते.

"वेन्सेल कुबिचेक," ब्लांका हळू आवाजात म्हणाली, "कधीपासून?"

"तू... तू पडलीस तेव्हापासून."

बडवायला पोते समोरच होते. ब्लांकाने ते उचलले, नीट बांधले आणि त्याच्या हातात दिले. "गाढवा," ती म्हणाली. इतक्या मऊ आवाजात हा शब्द मी पुन्हा कधी ऐकला नाही.

पिटमन बाईंनी फाइल उघडली. "तुमच्या राज्याच्या नियमात आहे: वाढ दुसऱ्या कशाने झाली असं वाटलं, तर नव्वद दिवसांत सिद्ध करा. करा सिद्ध. मीठ म्हणता, पण माझा विश्वास पाण्यावर."

मग माझा गळा खणला. चिरलेली माती काढून नवी भरली, भोवतालची खारट माती उचलून नेली. थोड्या थोड्या दिवसांनी ब्लांकाने उपसले, दर वेळी तिप्पट. पहिल्या बाटलीत क्लोराइड वरच. दुसरीत थोडे उतरले. तिसऱ्या बाटलीत आकडा जुन्या जागी आला. ढीग गळत नव्हता. वेन्सेलची माती निर्दोष होती.

पिटमन बाईंचा अहवाल वेन्सेलने मला मोठ्याने वाचून दाखवला होता. त्यातले एक वाक्य मला पाठ आहे: 'येथे वाईट बातमी संचालकांपर्यंत माझ्याआधी पोहोचली होती; परवान्याची व्यवस्था अशीच चालायला हवी.' वसंतात सरकारी राजपत्राच्या बारीक अक्षरांच्या तीन रकान्यांत राज्याच्या नियमांना मंजुरी छापून आली. डेपो उघडा राहिला आणि घळीत रानफुले आली. त्या ओढ्यातला मासा पुढे केवढा मोठा झाला ते मी हाताने दाखवले असते, पण मला हात नाहीत.

आता ढीग भरून बंद झाला आहे. त्यावर गवत डोलते, हरणे चरतात. बंद डेपोचीही तीस वर्षे काळजी घ्यायची असते, असे नियम सांगतो. पण माणसे विसरतात. मध्ये एक हंगाम कोणीच आले नाही. माझ्या टोपणात गांधीलमाश्यांनी घर केले, तीनचा आकडा उडून गेला. ब्लांका केव्हाच गेली. आता तिच्या जागी विजेचा पंप घेऊन एक तरुण मुलगी येते. चांगली आहे, तिप्पट उपसते.

मित्रांनो, तुमच्या गावाच्या कचऱ्याच्या डोंगराजवळ अशी एखादी नळी दिसली, तर तिच्या कुलपाशी खेळू नका, तिच्याभोवती काही ओतू नका. वर्षातून निदान दोनदा तिला खरे विचारा, आणि उत्तर खारट आले तरी कागद डब्याखाली सारू नका.

काल सकाळी बर्फ पडले. आज ती मुलगी यायची आहे. पहाटे चौऱ्याऐंशी वर्षांचा वेन्सेल काठी टेकत आला. दुसऱ्या हातात बादली होती. त्याने वाकून माझ्यापर्यंतच्या वाटेवर मुठी मुठीने पखरण केली, मग बादली माझ्यासमोर धरून म्हणाला, "बघ गं बाई, वाळू आहे. नुसती वाळू."