माझ्या छातीवरची परीक्षा

मित्रांनो, मला पाय नाहीत आणि हातही नाहीत. डोके, मान आणि कमरेपर्यंतचे धड एवढाच मी आहे. बेंगळुरूत महादेवपुऱ्याच्या एका नर्सिंग कॉलेजातला मी एक जुना रबरी पुतळा. एखाद्याचे हृदय अचानक बंद पडले तर छाती कशी दाबायची, ते माझ्यावर शिकतात. त्याला सीपीआर म्हणतात. माझ्या छातीत एक स्प्रिंग आहे. पुरेशा जोराने दाबले की आतून 'टक्' असा आवाज होतो, कमी दाबले तर होत नाही. मुलींनी माझे नाव अण्णा ठेवले आहे.

मी कॉलेजात आलो तेव्हा माझे मोठे कौतुक झाले. गळ्यात मोगऱ्याचा हार घातला, फोटो काढले आणि मला काचेच्या कपाटात ठेवले. वर्षातून एकदा मला बाहेर काढून उंच टेबलावर झोपवत. शिक्षिका एकदा करून दाखवत, मुली भोवती उभ्या राहून वहीत लिहून घेत. 'हात लावू नका, महाग आहे,' असे त्यांना बजावलेले असे. मी पुन्हा कपाटात जाई. माझ्यासाठी काही काम उरले आहे असे मला वाटेनासे झाले होते.

मग सुचेता मॅडम आल्या. त्या मूळच्या नागपूरच्या, यजमानांच्या नोकरीमुळे सर्जापूर रोडला राहायला आलेल्या. कॉलेज तपासायला बाहेरची समिती येणार होती आणि आमच्या मुली काय शिकल्या याचा अहवाल लिहिण्याचे काम मॅडमकडे आले. सगळ्यांनी सांगितले, मागचा निकाल जोडा, एकही मुलगी नापास नाही.

"पास झाल्या हे कळलं," मॅडम म्हणाल्या. "त्यांना येतं काय, ते कुठे कळलं?"

त्यांनी मला बाहेर काढून पुसले आणि शेवटच्या वर्षाच्या मुलींना एकेक करून बोलावले. पहिली आली विद्याश्री, वर्गात कायम पहिली येणारी. देवनहळ्ळीच्या जुन्या मराठी घरातली ही मुलगी मॅडमशी मराठीत बोले. तिने दाबले. मी वाट पाहत राहिलो. आवाज झाला नाही. तिने पुन्हा दाबले, तरीही नाही.

"मॅडम, पेपरात हे सगळं मी बरोब्बर लिवलंय की," ती रडवेली होऊन म्हणाली.

"लिहिलंयस. मीच वाचलंय. पण आत्ता हा माणूस वाचला असता का?"

विद्याश्रीने नकारार्थी मान हलवली. त्या दिवशी जवळजवळ सगळा वर्ग येऊन गेला आणि मी बहुतेक वेळ गप्पच होतो. इतके वाईट मला कपाटातही वाटले नव्हते.

दुसऱ्या दिवशी प्रिन्सिपल वेणुगोपाल सर खाली आले. त्यांच्या हातात मॅडमचा अहवाल होता.

"हे समितीला दाखवायचं? लोक इथे मुली पाठवणार नाहीत. स्वल्प, थोडा विचार करा, मॅडम."

"मुली कमी पडल्या नाहीत, सर. आपण त्यांना कधी हातच लावू दिला नाही. कमी पडलाय तो आपला अभ्यासक्रम. तसंच लिहिलंय, आणि काय बदलणार तेही लिहिलंय."

तेवढ्यात दारातून विद्याश्री पुढे आली. "सर, मला इतक्यात पास म्हणू नका. आधी शिकू द्या."

सरांनी खिशातले पेन काढले. "सरी, ठीक आहे," म्हणाले आणि अहवालावर सही केली.

त्यानंतर माझे खरे आयुष्य सुरू झाले. मॅडमनी मुलींना नीट पाहिले तेव्हा कळले की टेबल फार उंच आहे. बुटक्या मुलींची कोपरे वाकत आणि जोर हातातच राही. त्यांनी मला जमिनीवर चटईवर झोपवले. मुली गुडघ्यांवर बसल्या, हात सरळ ठेवून अंगाचा भार देऊ लागल्या. दर आठवड्याला सराव होई आणि प्रत्येकीचे काय चुकते ते मैत्रिणीच तिला सांगत. माझी कातडी फाटली, तिला चिकटपट्टी लागली. एकदा स्प्रिंगही बदलावी लागली. विद्याश्रीने पहिल्यांदा 'टक्' ऐकले तेव्हा ती दाबायची थांबलीच. "थांबू नकोस गं, माणूस मरेल," मॅडम ओरडल्या आणि सगळा वर्ग हसला.

समिती आली. मॅडमनी सांगितले, तुम्हाला हवी ती मुलगी बोलवा. त्यांनी मागच्या बाकावरच्या मुली बोलावल्या आणि माझी छाती घड्याळासारखी टकटकत राहिली. समितीच्या प्रमुख बाईंनी तो पहिला, वाईट अहवाल मागून घेतला. "आम्हाला सगळीकडे गुण दाखवतात," त्या म्हणाल्या. "चूक शोधून ती दुरुस्त केलेली क्वचित दिसते." वेणुगोपाल सर ताठ उभे होते. अहवाल आपणच लिहिल्यासारखे.

पण माझा सगळ्यात मोठा दिवस त्यानंतर उगवला. देवनहळ्ळीच्या बस स्टँडवर नरसिंगराव नावाचे कापड दुकानदार अचानक कोसळले. गर्दी भोवती जमली. विद्याश्री तिथेच बसची वाट पाहत होती. ती गुडघ्यांवर बसली आणि अँब्युलन्स येईपर्यंत छाती दाबायची थांबली नाही.

बरे होताच नरसिंगराव पत्नी तुंगाबाईंना घेऊन कॉलेजात आले. सगळा वर्ग गोळा झाला.

"बरगड्या अजून दुखतात," नरसिंगराव विद्याश्रीला म्हणाले. "पण दुखायला मी आहे, अक्का."

नातीच्या वयाच्या मुलीला ते अक्का म्हणाले. मग तुंगाबाई माझ्याजवळ चटईवर बसल्या आणि चिकटपट्ट्यांवरून त्यांनी हात फिरवला. "अण्णा तूच का रे? आमच्या ह्यांच्या वाटचा फार मार खाल्लास बाबा."

मित्रांनो, तेव्हा मला वाटले की मी पुरा माणूस आहे.

आता माझे एकच मागणे आहे. आम्हा शिकवणाऱ्या वस्तूंना जपायचे असेल तर आम्हाला वापरा. फाटलो तर शिवा, बिघडलो तर दुरुस्त करा. आणि एखादा विद्यार्थी परीक्षेत कमी पडला तर त्याला नावे ठेवण्याआधी विचारा, बाळ, तुला कधी करून पाहू दिले होते का?