चमचा कलवणारी सातवी मोटर

मित्रांनो, मी एक जुनी मोटर आहे, तुमच्या मुठीत मावेल एवढी. मला स्टेपर मोटर म्हणतात, कारण मी भिंगरीसारखी गरगरत नाही. एक इशारा आला की एकच पाऊल फिरते आणि पुढचा इशारा येईपर्यंत जागची हलत नाही. या आज्ञाधारकपणाचं माझं भारी कौतुक झालं, आणि त्यानेच माझा घात केला.

एका कचेरीतल्या प्रिंटरमध्ये मी बारा वर्षं कागद ओढले. प्रिंटर भंगारात गेला, तेव्हा शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या एका मिस्त्रींनी मला उचललं. त्यांच्या बायकोने उभा जन्म लोकांचे कपडे शिवले होते. आता बाईंच्या बोटांचे सांधे असे आखडले होते की साधा चमचा धरवत नव्हता. त्यात स्वभाव मानी. कुणी भरवलेलं त्यांना मुळीच खपत नसे. म्हणून मिस्त्रींनी जेवणाच्या टेबलावर एक यांत्रिक हात आणून बसवला. त्याला सहा मोटरी होत्या. तो चमचा ओठांपर्यंत न्यायचा, पण कलवायचा नाही. त्या कामासाठी मनगटापुढे माझी नेमणूक झाली.

हाताच्या बोर्डात भरलेल्या आज्ञांना फर्मवेअर म्हणतात. त्यात सहाच मोटरींची नोंद होती. मिस्त्रींनी चष्मा सावरत, चुकतमाकत, त्यात माझ्यापुरत्या चार ओळी घातल्या. मग ते स्वतः बायकोच्या खुर्चीत बसले आणि माझ्याकडून पाण्याचे चमचे घेत राहिले. शर्ट चिंब भिजला.

"अहो, तहान भागली असेल तर उठा आता," बाई हसून म्हणाल्या.

"थांब गं. तू तोंड उघडेपर्यंत हिने थांबायला हवं ना!"

ते थांबणं त्यांनी माझ्या ओळींत घातलं. बाई कोपराने बटण दाबायच्या, चमचा ओठांशी यायचा, मी थांबायची आणि मग हळूच कलायची. शेजारणी बघायला आल्या की बाई मुद्दाम दुसऱ्यांदा वाढून घ्यायच्या. माझे ते सुखाचे दिवस होते.

मग एके दिवशी दुकानात काम करता करताच मिस्त्री गेले. लेक आईजवळ राहायला आली.

पुढे हात अधूनमधून गचके खाऊ लागला. लेकीने कंपनीचं नवं फर्मवेअर उतरवून घेतलं.

"चाललंय तसं असू दे गं," बाई म्हणाल्या.

"दहा मिनिटांचं काम आहे, आई."

खरोखर दहाच मिनिटं लागली. गचके गेले आणि माझ्या चार ओळीही पुसल्या गेल्या. दुपारी चमचा ओठांशी आला, पण मला इशाराच आला नाही. बाई मान लांब करून वाट बघत राहिल्या. बाबांनी आतल्या आज्ञा बदलल्या होत्या, हे लेकीला तेव्हा कळलं. त्या ओळी ज्यात जपलेल्या होत्या, तो त्यांचा संगणक तिने महिन्यापूर्वीच साफ करून कुणाला तरी देऊन टाकला होता.

ती तीन दिवस बोर्डाशी झटली. आधी मी उलटी फिरले आणि सगळं सूप बाईंच्या मांडीवर सांडलं. शेवटी सुलटी फिरले, पण चमचा पोहोचताच कलले. बाईंची हनुवटी माखली.

"ते थांबायचे गं," बाई म्हणाल्या. थांबायची मी, पण बाईंच्या तोंडी मिस्त्रीच होते.

"किती थांबायचे? सेकंद सांग ना, आई."

"सेकंद कुणी मोजलेत? मला पुरेल इतकं."

लेकीने एक सेकंद करून पाहिला, दोन पाहिले, चार पाहिले. कधी लवकर व्हायचं, कधी उशीर. शेवटी तिने ते सेकंद काढूनच टाकले. ते अंतर माझ्या अंगवळणी पडलं होतं, मित्रांनो, पण मला सांगता येत नव्हतं. बाईंनी डोळे मिटले.

"राहू दे. तूच भरव," त्या म्हणाल्या. लेक भरवता भरवता रडत होती.

मित्रांनो, जुनं काही पुसण्याआधी त्यात कुणाचं काही राहिलंय का, ते विचारा. एक नक्कल काढून ठेवा.

माझा चमचा आता काढून ठेवलाय. तरी लेक बाहेर गेली की बाई कोपराने बटण दाबतात. हात रिकामाच त्यांच्या ओठांशी येतो. "थांबा हं," बाई हळूच म्हणतात. थांबायचं असतं, हे मला पक्कं ठाऊक आहे. पण इशारा येतो, आणि मी लगेच कलते.