माठ आता चारदा

दरवर्षी मेच्या पंचवीस तारखेच्या आसपास नवतपा लागतो आणि दरवर्षी त्याची बातमी मी लिहितो. नऊ दिवस नागपूर भाजून निघतं आणि वर्तमानपत्राला त्याबद्दल चारशे शब्द हवे असतात. त्या चारशे शब्दांत नवं काही नसतं. ओस पडलेले रस्ते, तोंडाला बांधलेले दुपट्टे, उसाच्या रसाच्या गाड्या, डॉक्टरांचा सल्ला आणि शेवटी एका साध्या माणसाचं म्हणणं. सगळे वार्ताहर या बातमीपासून पळतात. माझं नाव मार्तंड. तीस वर्षांपूर्वी कुणीतरी गमतीनं म्हणालं, सूर्याची बातमी सूर्यालाच द्या, आणि ती मला चिकटली ती निवृत्तीनंतरही सुटली नाही. नको म्हणायला मला कधी जमलंच नाही.

खरं सांगायचं तर मला अनोळखी माणसांशी बोलायची भीती वाटते. मी या धंद्यात कसा आलो आणि कसा टिकलो, हे मलाही कळलेलं नाही. त्या साध्या माणसाच्या म्हणण्यासाठी तर मी आदल्या दिवसापासून प्रश्न पाठ करायचो. मग दहा-बारा वर्षांपूर्वी लकडगंजात लाकूड कापायच्या आरा मशीनच्या भिंतीला लागून असलेल्या पाणपोईवर मला रुपराव भेटले. लाल कापड गुंडाळलेले दोन माठ, वर ताडपत्री, आणि मागे बाकावर रुपराव. मी विचारायच्या आधीच ते बोलायला लागले. त्या दिवसापासून माझा साधा माणूस ठरला.

दोन वर्षांपूर्वी माझा गुडघा सुजला. नंदनवन कॉलनीतल्या घरात कूलरसमोर बसून मी जुनं कात्रण काढलं. त्यात रुपराव म्हणाले होते, ‘पूर्वी माठ सकाळी एकदा भरला की पुरायचा, आता दोनदा भरावा लागतो.’ मी दोनदाचं तीनदा केलं आणि बातमी पाठवली. कुणालाच कळलं नाही. गेल्या वर्षी गुडघा बरा होता, तरी तेच केलं. यंदा तीनदाचं चारदा केलं आणि साडेबाराला बातमी पाठवून जेवायला बसलो.

दीडला कामिनीचा फोन आला. शहराचं पान ती बघते. माझ्या मुलीपेक्षाही लहान आहे, आणि मी तिला घाबरतो.

"काका, मस्त! ‘माठ आता चारदा भरावा लागतो’, हेच हेडिंग घेते. पान पाच वाजता सोडायचं आहे. श्वेताला फोटोला पाठवते, तीनपर्यंत पोचेल. ते रुपराव बाबा असतील ना तिथं?"

"असतील," मी म्हणालो.

"सकाळी भेटलात ना तुम्ही?"

घास तोंडातच होता. "हो," मी म्हणालो.

फोन ठेवून मी ताटावरून उठलो. श्वेता फोटो काढता काढता गप्पा मारते. ती रुपरावांना विचारणार, काका सकाळी आले होते ना? आणि ते म्हणणार, कोण काका? तीस वर्षं नावाखाली काही मोठं छापून आलं नाही, पण खोटंही आलं नव्हतं. म्हणजे, दोन वर्षांपूर्वीपर्यंत.

डोक्याला दुपट्टा गुंडाळला, ऊन लागू नये म्हणून सवयीनं खिशात कांदा टाकला आणि ऑटो केला. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. वाऱ्याची झळ तोंडावर येत होती आणि मी मनातल्या मनात घोकत होतो: रुपराव, एक विनंती होती, कुणी विचारलं तर सकाळी भेट झाली म्हणाल का? हे एका सत्तरीच्या माणसानं दुसऱ्या सत्तरीच्या माणसाला कसं सांगावं? दोनदा ऑटो परत फिरवायला सांगावंसं वाटलं. तेवढाही धीर झाला नाही, म्हणून पोचलो.

पाणपोई होती. माठ होते. बाकावर एक म्हातारी बसली होती.

"बसा ना भाऊ. कुठून येऊन राहिले एवढ्या उन्हात?" तिनं ओगराळं माठात घातलं.

मी पाणी प्यायलो. मग विचारलं, "रुपराव नाहीत का आज?"

"गेले ना बाप्पा. होळीच्या आठ दिवस आंधी. मी मनकर्णा, त्याईची बाई."

मला वाटलं, गडबडीत मला नीट ऐकू आलं नसावं. पण तिच्या मागे भिंतीवर त्यांचा फोटो होता, सुकलेला हार घातलेला. माझ्या बातमीत तो माणूस आज सकाळी माझ्याशी बोलला होता. घड्याळात अडीच वाजायला आले होते.

"तुमी ओळखत होते काय त्याईले?"

"थोडं," मी म्हणालो.

"लय बोलका माणूस. पन शेवटी शेवटी डोकं गेलं त्याचं." तिनं पदरानं माठाचं झाकण पुसलं. "दर साली पेपरवाले भाऊ येत त्याईले इचाराले. दोन साल झाले, पेपरात छापून आलं का रुपराव असं म्हनले. बुढा म्हने, मनकर्णा, हा मानूस आलाच नाही गा माह्याकडे. म्या म्हनलं, काहून नाही आला? छापलं तं हाये! तुमी इसरले असान."

मी दुपट्ट्यानं तोंड पुसलं.

"मांगल्या साली तं धुतलेला सदरा घालून दिवसभर बसले, आज पेपरवाले येतीन म्हनून. कोनीच नाही आलं. अन दुसऱ्या दिवशी पेपरात पुन्हा तेच. म्या माह्या कानानं आयकलं, आरा मशीनवाल्यानं वाचून दाखवलं. मंग बुढा घाबरला. एकट्यानं गावाले जानं सोडलं, बस चुकीन म्हने. हा मशीनवाला रोज त्याची गंमत करे, काय रुपरावबा, आज वार कोनता? अन पेपरात तीनदा छापलं म्हनून दुपारी तिसऱ्यांदा माठ भराले लागले. दोनदाच भरत होते ना आंधी! म्हने, आपून बोललो असन तं खोटं काहून पाडू?"

 इथं येईपर्यंत मला माझ्या नावाची काळजी होती. एक शहाणा माणूस माझ्यामुळे स्वतःला वेडा समजून गेला, हे मला ठाऊकच नव्हतं. आणि हेही खरं, की त्या क्षणी उठून निघून जावं असंच मला वाटलं. ती मला ओळखत नव्हती. आभार मानून ऑटोत बसलो असतो तर संपलं असतं.

"बाई," मी म्हणालो, "त्यांचं डोकं गेलं नव्हतं. तो पेपरवाला मी. मी आलो नव्हतो."

ती माझ्याकडे बघत राहिली. आत आरा मशीन किर्र वाजत होतं, ते मध्येच बंद झालं.

"दोनी साल?"

"दोन्ही साल. घरी बसून लिहिलं. तीनदा हे मीच घातलं."

"मंग ते बराबर होते."

"हो."

"अन म्या त्याईले इसरभोळे म्हनलं." तिनं भिंतीवरच्या फोटोकडे बघितलं. मग एकदम माझ्यावर उसळली, "घरी बसून लिवाचं तं सोताचं नाव टाकाचं होतं गा! मानसाचं तोंड काहून उसनं घेतलं?"

 मी मान खाली घालून बसलो. थोड्या वेळानं ती म्हणाली, "हे छापता काय? तुमी आले नव्हते म्हनून? मशीनवाल्याले वाचाले लावतो मी."

मी कामिनीला फोन लावला. रुपराव गेल्याचं सांगितलं. मग बाकीचं सांगितलं.

"काका, सकाळी भेटलो म्हणालात ना मला?"

"खोटं बोललो."

पलीकडे पंख्याचा आवाज येत होता. "ठीक आहे," ती शेवटी म्हणाली. "बाईंचा कोट घ्या, श्वेता त्यांचाच फोटो काढेल. चारला नवीन कॉपी द्या. झाकून जाईल."

"एक वाक्य वर टाकायचं आहे. मागची दोन वर्षं मी त्यांना न भेटता लिहिलं, असं."

"असं कोण छापतं काका? संपादक मलाच फाडून खातील. आणि तुम्हाला परत काम देणार नाहीत, माहीत आहे ना?"

माहीत होतं. जी बातमी तीस वर्षं नकोशी होती ती आता जाणार, आणि तीच मला हवीशी वाटायला लागली. नवतपाखेरीज त्या कचेरीत मला कुणी बोलावतही नाही.

"ते वाक्य काढायचं असेल," मी म्हणालो, "तर माझी बातमीच काढा."

कामिनीनं फोन ठेवला.

तीनला श्वेता आली. मनकर्णाबाईंनी फोटोआधी भिंतीवरचा हार सरळ केला. मी बाकावर बसून वहीत लिहीत होतो आणि प्रत्येक वाक्य त्यांना वाचून दाखवत होतो. माठ किती वेळा भरता, मी विचारलं.

"दोनदा. चारदा माह्यानं होते काय?"

न भेटता लिहिल्याची कबुली वर ठेवून चारला मी सगळं कामिनीला पाठवलं. दुसऱ्या दिवशी पहाटेपासून मी फाटकाशी उभा होतो. पहिल्या पानावर नवतपा नव्हता. शहराच्या पानावर नवतपाची बातमी एजन्सीची होती. मी पाय ओढत आत आलो आणि पुन्हा सगळी पानं चाळली. पाचव्या पानाच्या तळाशी, निविदांच्या जाहिरातींना खेटून, चार ओळींची चौकट होती: मागील दोन वर्षे नवतपाच्या वृत्तात रुपराव यांच्या तोंडी आलेली विधाने प्रतिनिधीने त्यांना न भेटता लिहिली होती. गेल्या वर्षी ते दिवसभर प्रतिनिधीची वाट पाहत होते. त्यांच्या स्मरणात काही चूक नव्हती.

मधलं वाक्य मी लिहिलेलं नव्हतं. फोनवर ते मी कामिनीला सांगितलं असावं. नक्की आठवत नाही.

मी तीन अंक घेऊन लकडगंजात गेलो. मनकर्णाबाईंकडे अंक आधीच होता. आरा मशीनवाला बाकापुढे उभा राहून वाचत होता, अंगावर लाकडाचा भुसा, तोंड उतरलेलं.

"ते शेवटचं पुन्हा वाच," त्या म्हणाल्या.

त्यानं वाचलं. मग त्यानं मला विचारलं, "हे कोणी लिवलं गा?"

माझ्या तोंडाला कोरड पडली. मनकर्णाबाईंनी पाण्याचा पेला भरला, पण तो हातात धरून ठेवला. त्या मी काय म्हणतो याची वाट बघत होत्या.

"मी," मी म्हणालो.

त्यांनी पेला माझ्यापुढे केला.