दुधी की मोतिया

घर पाडलं तेव्हा दोघा भावांत काडीचंही भांडण झालं नाही, याचं ताईला फार कौतुक होतं. जिना कुठून न्यायचा, वर कोणी राहायचं, बाबांची खोली कुठल्या बाजूला, सगळं गोडीगुलाबीत ठरलं. वर स्लॅब पडला तरी दोघे एकमेकांना "तुला आवडेल ते" म्हणत होते. बिनसलं ते फरशीवरून.

दादाला 'दुधी' नावाची टाइल पसंत होती. धाकट्याला 'मोतिया'. दोन्ही पांढऱ्या, दोन्ही एकाच मापाच्या, एकाच दुकानातल्या. ताईला त्यांत शष्प फरक दिसत नव्हता. बाबांनाही दिसत नव्हता. "एकाला भाजी हवी आणि दुसऱ्याला डोळ्यांचा आजार," एवढं बोलून ते वर्तमानपत्रात शिरायचे.

घर बांधून होईपर्यंत दोन्ही भाऊ भाड्याच्या जागेत राहत होते आणि बाबा ताईकडे. ताईचा नवरा जहाजावर नोकरीला, घरी तसं कोणी नाही. म्हणून दोन्ही नमुने ताईच्याच बैठकीत भिंतीला टेकवून ठेवायचं ठरलं. तिथे कोणाचंही पारडं जड नाही, असं दादाचं म्हणणं. झालं असं की दोघे रोज संध्याकाळी यायचे, चहा प्यायचे, टाइल मांडीवर घेऊन भांडायचे आणि कपबशा तशाच टाकून जायचे.

ताई एका डॉक्टरांच्या दवाखान्यात पेशंटचे नंबर लावायची. डॉक्टर अजून घरातून निघालेलेसुद्धा नसायचे, तेव्हा ती ताटकळलेल्या माणसांना "आलेच, गाडी लावतायत" असं इतक्या शांतपणे सांगायची की तापाने फणफणलेला माणूससुद्धा गप्प बसून राहायचा. थोडक्यात, तोंडावरची रेषही न हलवता थाप मारण्याची तिला रोजची सवय होती.

एके दिवशी तिच्या एक गोष्ट लक्षात आली. दोघेही टाइल हातात घेतली की आधी उलटी करतात, मागे चिकटवलेल्या कागदावरचं नाव वाचतात आणि मगच तिचे गुण गायला लागतात.

दुसऱ्या दिवशी ते यायच्या आधी तिने दोन्ही टाइल स्वयंपाकघरात नेल्या, सुरीच्या टोकाने दोन्ही कागद हलकेच सोडवले आणि अदलाबदल करून पुन्हा चिकटवले.

संध्याकाळी दादा आला. टाइल उलटी केली, 'दुधी' वाचलं, सुलटी करून उजेडात धरली.

"बघ, ही बघ. डोळ्याला कशी थंड वाटते. आणि ती तुझी मोतिया, दवाखान्याच्या भिंतीसारखी."

"दादा, तुझे डोळे तपासून घे," धाकटा म्हणाला. त्यानेही आपली टाइल उलटी करून खात्री केली होती. "हिच्यात एक ऊब आहे. दुधी म्हणजे नुसता खडू."

आदल्या दिवशी हेच शब्द, हाच आवेश होता, फक्त टाइल एकमेकांच्या होत्या. ताईला चहाचा ठसका लागला. ती तोंडाला पदर लावून आत पळाली आणि नळ सोडून पोटभर हसून घेतलं. बाबांनी वर्तमानपत्रावरून एकदा तिच्या पाठीकडे पाहिलं आणि पान उलटलं.

दोन-चार दिवस गंमत बघायची आणि सांगून टाकायचं, असा तिचा विचार होता. पण मध्येच दिव्यांचं प्रकरण निघालं. धाकट्याचं म्हणणं पडलं की फरशीचा खरा रंग उजेडावर ठरतो, तेव्हा आधी दिवे बघू. रविवारी दोन्ही सुनांसकट सगळी वरात दिव्यांच्या दुकानात गेली. बाबाही आले.

दुकानात छताला इतके दिवे लोंबकळत होते की दिवेवाला स्वतः मान वाकवून हिंडत होता. त्याने बटणं दाबून दाखवायला सुरुवात केली. हा पिवळा उजेड, हा पांढरा, हा मधला. दादा म्हणाला, घरात पांढरा हवा, भाजीतली अळी दिसली पाहिजे. धाकटा म्हणाला, पांढऱ्या उजेडात माणसं आजारी दिसतात. छतात लपलेले चपटे दिवे हवेत, उजेड दिसावा पण दिवा दिसू नये. दादाने विचारलं, दिवा दिसू नये तर विकत कशाला घ्यायचा. दिवेवाला बटणावर बोट ठेवून आळीपाळीने दोघांची तोंडं बघत राहिला.

शेवटी ताई मध्ये पडली. "असं करा. फरशी दादाच्या मनाची, दिवे धाकट्याच्या मनाचे. आणि एकमेकांच्या वाट्यात कोणी तोंड घालायचं नाही."

आश्चर्य म्हणजे दोघांनी ते ऐकलं. दादाने दुकानाबाहेर पडतानाच टाइलवाल्याला फोन लावून दुधीची ऑर्डर देऊन टाकली. धाकटा चपटे दिवे निवडायला बसला.

बाबा मात्र एका कोपऱ्यात हात मागे बांधून उभे होते. वर एक झुंबर होतं. सोनेरी दांडे, तीन मजले, काचेच्या लोलकांच्या माळा. लग्नाच्या हॉलमध्येसुद्धा जरा जास्त वाटलं असतं.

"छान आहे," बाबा म्हणाले.

"बाबा, चला," दोन्ही सुना एका सुरात म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई दवाखान्यात निघाली तेव्हा बाबांनी हाक मारली.

"त्या दिवशी स्वयंपाकघरात सुरीने काय खरवडत होतीस गं?"

ताई चपलेत पाय घालता घालता थांबली. "काही नाही. डब्यावरचं लेबल."

"डबे चांगले चौकोनी होते," बाबा म्हणाले. "मला ते झुंबर हवं. माझ्या खोलीत."

"बाबा, तुमची खोली केवढी, ते झुंबर केवढं."

"माझं मी बघेन. नाहीतर दादाला विचारतो, लेबलं कशी काढतात म्हणून."

आपल्याला ही कला कोणाकडून आली, ते ताईला त्या क्षणी कळलं. दिवसभर ती पेशंटना चुकीचे नंबर देत राहिली. झुंबर आणायचं तर धाकट्याच्या गळी उतरवायला हवं, आणि त्याने तर घरात एक साधा दांडासुद्धा लोंबकळू द्यायचा नाही असं ठरवलेलं.

आठवड्याभराने बांधकामावर टाइलची खोकी आली. दादा कामावर होता. धाकट्याने ताईला फोन करून नमुने घेऊन बोलावलं. खिडक्या अजून बसायच्या होत्या, त्यामुळे बैठकीच्या खोलीत भर दुपारचा लख्ख उजेड होता. गवंड्याने एक खोकं फोडलं आणि धाकट्याने आतली टाइल दोन्ही नमुन्यांच्या मध्ये ठेवली.

आणि मग ताईला पहिल्यांदा फरक दिसला. उघड्या उजेडात एक नमुना किंचित निळसर होता, दुसरा किंचित पिवळसर. खोक्यातली टाइल निळसर. धाकट्याने निळसर नमुना उलटा केला. मागे लिहिलं होतं, मोतिया. त्याने खोक्यावरचं नाव वाचलं. दुधी.

आता सांगावंच लागणार, असं मनाशी म्हणून ताईने तोंड उघडलं.

धाकट्याने तिचा दंड धरून तिला जिन्याखाली नेलं. त्याचा चेहरा फुलला होता.

"ताई, दुकानवाल्याने घोळ घातलाय. खोक्यावर दुधी छापलंय आणि आत माझी मोतिया भरलीय."

ताईने तोंड मिटलं. मग पुन्हा उघडलं. "मग दादाला सांगूया का?"

"वेड लागलंय का तुला? तो खोक्यावरचं नाव वाचेल आणि खूश होईल. तू फक्त गप्प राहा. हवं ते माग, पण गप्प राहा."

"हवं ते?"

"हवं ते."

ताईने बराच विचार केल्यासारखं केलं. मग म्हणाली, "बाबांच्या खोलीत ते झुंबर लाव."

धाकट्याला कोणीतरी चिमटा काढल्यासारखं झालं. तो वर छताकडे बघून राहिला, जिथे त्याचे लपलेले दिवे येणार होते. मग सुस्कारा टाकून म्हणाला, "एकाच खोलीत. आणि दार बंद ठेवायचं." परत जाऊन त्याने पहिलं काम केलं ते हे की गवंड्याला दोन्ही नमुने फोडून पाण्याच्या टाकीखाली टेकू म्हणून घालायला लावले. ताईनेही एक तुकडा सरकवायला हात लावला.

संध्याकाळी दादा आला. त्याने एकेक खोकं फिरून वाचलं. दुधी, दुधी, दुधी. "शब्दाचा पक्का माणूस आहे टाइलवाला," तो म्हणाला. फोडलेल्या खोक्यात त्याने डोकावूनही पाहिलं नाही.

घर पुरं झालं. दोन्ही कुटुंबं राहायला आली आणि शेजारीपाजारी नवं घर बघायला आले. समोरच्या काकूंनी चपला बाहेर काढून दोन पावलं टाकली आणि विचारलं, "फरशी फार सुरेख आहे हो. कोणी निवडली?"

"मी," दादा म्हणाला.

"मी," धाकटा म्हणाला.

काकू हसल्या. दोन्ही भाऊही हसले, आणि दोघांनी एकमेकांकडे इतक्या मायेने पाहिलं की ताईला भरून आलं असतं, पण दादाने तिला बाजूला घेतलं.

"म्हणू दे त्याला," दादा हळूच म्हणाला. "हरलाय बिचारा. तेवढंच समाधान."

ती सरबताचे ग्लास आणायला वळली तर ओट्यापाशी धाकटा उभा. "दादाला म्हणू दे गं, ताई. त्याला काय माहीत."

"तेच तर," ताई म्हणाली आणि ट्रे उचलला.

बाबांच्या खोलीचं दार काही बंद राहिलं नव्हतं. झुंबर पलंगाच्या वर इतकं खाली आलं होतं की बाबांना उठताना कडेने सरकून उठावं लागे. तरी भरदिवसा सगळे दिवे लावून ते खाली पाय पसरून वाचत पडले होते. भिंतींवर लोलकांचे ठिपके हलत होते. दारात मोठी सून कमरेवर हात ठेवून उभी होती.

"बाबा, हौस झाली ते ठीक. पण ह्या एवढ्या काचा पुसणार कोण? माझ्याच्याने होणार नाही, आधीच सांगते. आणि धाकटीलाही विचारू नका."

"तुम्ही कशाला पुसता?" बाबांनी वर्तमानपत्र खाली केलं. "दर रविवारी ताई येणार आहे पुसायला. आमचं बोलणं झालंय."

कसलंही बोलणं झालं नव्हतं. ट्रे हातात धरून ताई सुनेच्या मागे उभी होती. बाबा तिच्याकडे चष्म्यावरून अगदी निरागसपणे बघत होते.

"हो," ताई म्हणाली. "येईन की."